सहासष्ट युनिट

आमच्या पुढच्या दाराच्या उजव्या फळीवर खडूनं आकडे लिहिलेले असतात. नव्या माणसाला वाटतं, दुधाचा हिशेब असेल. तो मीटरचा आहे. आमचे आप्पा रोज पहाटे बॅटरी घेऊन मीटरपुढं उभे राहतात, डोळे बारीक करून आकडा वाचतात, फळीवर लिहितात आणि कालचा त्यातून वजा करतात. बाकी दोनच्या वर गेली, की घरात चोरी झाल्यासारखं प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत चहा पितात.

हे असं का, तर गृहज्योतीमुळं. कर्नाटक सरकारनं २०२३ साली ही योजना आणली तेव्हा '२०० युनिट फुकट' एवढंच गावानं ऐकलं. पुढचं वाक्य ऐकायला कुणी थांबलं नाही. पुढचं वाक्य असं होतं, की २०२२-२३ या वर्षात तुमच्या घरी महिन्याला सरासरी जेवढी वीज जळाली, तेवढी आणि वर दहा टक्के, ही तुमची मर्यादा. त्याच्या आत राहिलात तर बिल शून्य. त्याच्या वर गेलात तर वरचे पैसे भरा. आणि २०० ओलांडलेत, तर सगळंच बिल तुमचं.

आता २०२२-२३ साली आमच्या घरात काय चाललं होतं ते सांगतो. त्याच वर्षी आप्पा बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यातून रिटायर झाले. पस्तीस वर्षं फाउंड्रीत हाताखालच्या पोरांवर ओरडलेला माणूस. घरी ओरडायला कुणी सापडेना, म्हणून त्यांनी बटणांचा ताबा घेतला. मी जेवता जेवता पाणी आणायला उठलो, की माघारी येईपर्यंत ताटावर अंधार. रात्री नऊला फ्रिज बंद, "रात्री काय कोण उघडून बघतंय काय त्यात?" आंघोळीचं पाणी मागल्या दारी बंबात, शेतातल्या जळणावर. पाहुण्यांनासुद्धा पंखा एकवरच. त्या वर्षी आमची सरासरी आली महिन्याला ६० युनिट. आप्पांनी ते बिल देवापुढं ठेवलं होतं.

शेजारचे काका नेमके उलटे. गिझर, कूलर, बोअरची मोटर, आणि टीव्ही तर कुणी बघत नसलं तरी चालू. घर भरल्यासारखं वाटतं म्हणायचे. त्यांची सरासरी १७५. आप्पा त्यांना पाच वर्षं उधळ्या म्हणत आलेले.

योजना लागू झाली. काकांची मर्यादा १९२, आमची ६६.

आप्पा दोन दिवस जेवले नाहीत नीट. "म्हणजे उधळलं त्याला बक्षीस, आणि राखलं त्याला शिक्षा?" असं ते आईला, मला, बायकोला आणि शेवटी म्हशीला विचारून झाले. मी सांगून बघितलं, की आप्पा, साठ युनिटचे पैसे वाचतायत की. तर म्हणाले, "ते माझेच वाचवलेले. सरकारनं काय दिलं? सहा."

पण ती सहासुद्धा सहज मिळाली नाहीत. जून २०२३ मध्ये अर्ज सुरू झाले तेव्हा अख्खं राज्य एकदम सेवासिंधूवर, म्हणजे सरकारच्या अर्जांच्या वेबसाइटवर, तुटून पडलं होतं. मी खाडा करून रांगेत. माझं कन्नड तीन वाक्यांचं. एक, जेवण झालं काय. दुसरं, कितीला दिलं. तिसरं त्या आठवड्यात पाठ झालं: "सर्वर इल्ला. नाळे बर्री." सर्वर नाही, उद्या या. तीन खाडे. चौथ्या दिवशी सर्वर होता, पण माझ्या आधारला जोडलेला मोबाईल नंबर मीच दोन वर्षांपूर्वी बंद केलेला. ओटीपी कुठं तरी वाऱ्यावर गेला.

आईच्या गृहलक्ष्मीची तऱ्हा त्याहून न्यारी. महिन्याला दोन हजार मिळतात, पण रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख बाई पाहिजे आणि नाव सगळीकडं एक पाहिजे. आईच्या शाळेच्या दाखल्यावर नाव मराठीत, बँकेच्या पुस्तकात इंग्रजीत, रेशन कार्डावर कन्नडमध्ये. आधारवर तिच्या नावापुढं 'बाई' आहे. रेशन कार्ड करताना कुणाला ते परकं वाटलं असणार, त्यानं 'अव्वा' केलं. म्हणजे लग्नात एकदा माहेरचं नाव गेलं, आणि साठीत बाईची अव्वा झाली. ती मीच आहे हे सिद्ध करायला आईनं दोन महिने घालवले. काउंटरवर तिनं सरळ विचारलं, "बाबा, पैसे बाईला द्या नाहीतर अव्वाला द्या, मी दोघींना ओळखते."

आणि आमची बहीण शिनोळीला दिलीय. सासर आठ किलोमीटरवर, राज्य दुसरं. तिकडं तिला लाडकी बहीणचे पंधराशे. इकडं आईला दोन हजार. तिकडच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट, इकडच्या बसमध्ये तिकीटच नाही. पण ते कर्नाटकच्या आधारवालीला. तिचं आधार सासरच्या पत्त्याचं. माहेरच्या बसमध्ये बसली, की आई फुकट आणि लेक पैसे देऊन, एकाच बाकावर. कंडक्टर दोघींकडं बघतो. आई म्हणते, "माझीच हाय, पण महाराष्ट्राची."

तर त्या रांगेतून मी तिसऱ्यांदा हात हलवत आलो, तेव्हा आप्पांनी माझ्या पोराला गोष्ट सांगितली. पूर्वी म्हणे या मुलखात एक भूत रात्री दारं ठोठवायचं आणि ओळखीच्या आवाजात हाक मारायचं. दार उघडलं की माणूस खलास. मग लोकांनी दारावर लिहून ठेवलं, 'नाळे बा'. उद्या ये. भूत ते वाचायचं आणि मुकाट माघारी जायचं. दुसऱ्या रात्री यायचं, परत वाचायचं, परत जायचं. "तुझ्या बापाचं तसंच झालंय," आप्पा म्हणाले, "फक्त भुताला कन्नड वाचता येत होतं."

१ एप्रिल २०२५ ला नंदिनीचं दूध लिटरमागं चार रुपयांनी वाढलं आणि त्याच दिवशी विजेवर युनिटला ३६ पैसे चढले. तारीख बघून आप्पांना दुपारपर्यंत चेष्टाच वाटली. मग त्यांनी चहात दूध कमी केलं आणि संध्याकाळी काकांकडं बसायला जायला सुरुवात केली.

आम्हाला वाटलं, भांडण मिटलं. पहिल्या दिवशी जाताना त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून चार्जरची वायर लोंबत होती.

हिशेब त्यांनी आधीच करून ठेवला होता. काकांची लेक लग्न होऊन गेलेली, घरात माणसं दोनच, गिझर बिघडून पडलेला. १९२ पैकी ४० युनिट दर महिन्याला वाया. "वाया" हा शब्द आप्पांना सहन होत नाही. आधी एक मोबाईल गेला. मग घरातले चारही. पोरानं पुस्तक उघडून दाखवलं, की मोबाईलला वीज लागते किती, नखाएवढी. खाते ती इस्त्री. हजार वॉटची इस्त्री तासभर चालली की एक युनिट, आणि ७५ वॉटचा पंखा तेरा तास फिरला तेव्हा कुठं एक. पोराला वाटलं आजोबांना समजलं. समजलंच होतं. दुसऱ्या दिवसापासून इस्त्रीचे कपडे काकांकडं.

काकू बिचाऱ्या भल्या. "आणा की, त्यात काय," म्हणायच्या. आमचा मिक्सर 'बिघडला'. मे महिन्यात बहीण दोन पोरं घेऊन आली, तशी आप्पांनी नातवंडांची दुपार काकांच्या कूलरपुढं लावून दिली. "मोठं घर आहे, खेळूदेत." पोरं तिथं कार्टून बघायची, आप्पा शेजारी पेपर वाचायचे, कोपऱ्यात बहिणीचा मोबाईल, दाजींचा मोबाईल आणि कुणाचा तरी पॉवर बँक. एकदा मी आप्पांना म्हटलंसुद्धा, की हे बरं दिसत नाही. म्हणाले, "मी त्याचं एक युनिट घेतलेलं नाही. सरकारचं घेतलंय."

महिना संपला. आमचं रीडिंग आलं ६४. शून्य बिल. आप्पांनी ते दोनदा घडी करून देवापुढं ठेवलं. बायकोनं शिरा केला.

काकांचं आलं २०३.

अकरा जास्त असते तर अकराचे भरून सुटले असते, पण हे दोनशेच्या वर. पहिल्या युनिटापासून सगळं. संध्याकाळी काका बिल हातात घेऊन आमच्या दारात. आप्पा आतून आवाज ओळखून मागच्या दारानं बंबाकडं जळण बघायला गेले. मी उंबऱ्यात उभा, काय बोलावं सुचेना. काका आत येईनात, रागानं बोलतही होईनात. त्यांची नजर फळीवरच्या आकड्यांवरून खाली खाली येत गेली आणि शेवटच्या ओळीपाशी थांबली. तिथं आकडा नव्हता. खडूनंच, पण पोराच्या गोल गोल कन्नड अक्षरात काही तरी लिहिलेलं.

काका माझ्यासारखेच, मराठी शाळेतले. "हे काय लिवलंय रे?"

पोरगं पाचवीला आहे, शाळा मराठी असली तरी कन्नड विषय आहे, आणि विचारलं की सांगायचं असं बाईंनी शिकवलंय. पुढं येऊन बोट ठेवून त्यानं वाचून दाखवलं.

"नाळे बा. म्हणजे उद्या या, काका."