विलो चिपच्या नावाखाली एफडी मोडायला लावणारा फॉरवर्ड

‘गूगलच्या विलो चिपने नॉइज कायमचा संपवला. चिप प्रचंड थंड असते, त्यामुळे चूक होतच नाही. प्रत्येक क्यूबिटच्या प्रती काढून ठेवतात. आता बँकांचे पासवर्ड पाच मिनिटांत फुटणार, पैसे काढून घ्या.’ हा फॉरवर्ड वाचून माझी मावशी एफडी मोडायला निघाली होती. म्हणून हे लिहितोय. विलो ही क्वांटम संगणकाची चिप; क्यूबिट म्हणजे तिच्यातला माहिती साठवणारा सगळ्यात छोटा घटक, आणि नॉइज म्हणजे त्यात चुका घडवणारी गडबड.

आधी बँकेचं. पाच मिनिटांचा आकडा खरा आहे, पण त्या पाच मिनिटांत कुठलंही कुलूप उघडलेलं नाही. यादृच्छिक सर्किट चालवून त्यातून निघणारे नमुने गोळा करायचे, अशी ती मुद्दाम निवडलेली चाचणी होती. पासवर्डशी तिचा काडीचा संबंध नाही. २०४८ बिटांचं आरएसए (इंटरनेटवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी एक पद्धत) फोडायला काय लागेल, याचा अंदाज गूगलच्याच संशोधक क्रेग गिडनीने मे २०२५ मध्ये मांडला: दहा लाखांच्या आत क्यूबिट, आणि आठवड्याच्या आत वेळ. विलोवर क्यूबिट आहेत १०५! शिवाय क्वांटम हल्ल्याला टिकतील अशी सुरक्षेची तीन मानकं अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्येच जाहीर केली आहेत. कुणाच्या म्हातारपणाच्या पैशाशी असा खेळ करू नका.

नॉइज संपला, हे तर धादांत खोटं. ‘नेचर’मधला विलोचा शोधनिबंधच उघडा. १०१ क्यूबिट मिळून एकाच क्यूबिटसारखे वागतील असा एक ‘तार्किक’ क्यूबिट बनवला, तरी चुका तपासायच्या दर फेरीला ०.१४३ टक्के चूक उरलीच. म्हणजे साधारण सातशे फेऱ्यांत एक. एक फेरी १.१ मायक्रोसेकंदांची, तेव्हा सरासरी एक मिलिसेकंदही चुकीशिवाय धड जात नाही.

थंडी लागतेच. पण पदार्थातले दोष, शेजारच्या क्यूबिटचा उपद्रव, क्यूबिट चालवणाऱ्या पल्समधली चूक हे थंडीने जात नाही.

आणि प्रती? अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत निघत नाही, हे १९८२ पासून सिद्ध आहे. गणितज्ञ पीटर शोरने १९९५ मध्ये एका क्यूबिटची माहिती नऊ क्यूबिटांत गुंफायची वाट दाखवली. मूळ माहिती मोजायचीच नाही; क्यूबिट एकमेकांशी जुळतात का, एवढंच तपासायचं. त्यातून चुकीचा माग लागतो आणि माहिती शाबूत राहते.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. पूर्वी क्यूबिट वाढवले की चुकाही वाढायच्या. विलोमध्ये माहितीच्या क्यूबिटांची जाळी ३×३ वरून ५×५ आणि मग ७×७ केली, तेव्हा दर पायरीला चूक निम्म्याहून खाली आली. हे यश मोठं आहे. पण त्याच निबंधात हेही छापलंय, की पुनरावृत्ती कोड या चुका पकडायच्या साध्या पद्धतीच्या चाचणीत सुमारे तासाला एकदा अनेक क्यूबिट एकदम बिघडत होते.