आशाताईची दोनशे पानी वही

कोविडची लस गावोगावी पोचली ती कोविन ह्या लसनोंदणीच्या सरकारी ॲपमुळे, असं परवा एका चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाने मला ठासून सांगितलं. जगात नाव झालं म्हणे आपल्या ॲपचं. झालं असेल. सर्टिफिकेट झटक्यात मोबाईलवर यायचं, हे मीही मान्य करतो. पण 2021 चा सगळा उन्हाळा मी साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या आमच्या गावी काढला. कंपनीने घरून काम करा सांगितलं होतं, पुण्यातल्या खोलीचं भाडं उगाच कशाला भरा म्हणून खोली सोडलेली. त्यामुळे लस माणसाच्या दंडापर्यंत कशी पोचते ते जवळून बघायला मिळालं. आमच्याकडे ती आशाताईच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेच्या, दोनशे पानी वहीतून पोचली.

आधी जरा मागचं आठवू. 1 मार्चपासून साठीच्या वरच्यांना आणि 1 एप्रिलपासून पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांना लस खुली झाली. सुरुवातीला आमच्या आरोग्य केंद्रात शुकशुकाट. लस घेतली की माणूस जातो, ताप येऊन अंथरूण धरतो, असं पारावर चाललेलं. मोबाईलवरचे व्हिडिओ त्यात भर घालायला होतेच. तेव्हा सरकारी जाहिरातीचा शून्य उपयोग झाला. कामाला आली ती आशाताई. उंबऱ्यात बसून, पाणी मागून घेऊन, ती म्हणायची, "आक्का, माज्या सासूला पैली टोचलीया. परवाच्या दिवशी खुरपायला गेलीया ती. तुमी उद्या माज्यासंगं चला, मी हाय तितं." आक्का दुसऱ्या दिवशी गेल्या, आणि त्यांच्यामागे गल्लीतल्या चौघी.

मग दुसरी लाट आली. 14 एप्रिलपासून संचारबंदी, मग किराणाही फक्त सकाळी सात ते अकरा. वाडीवस्तीवर माणसं दगावायला लागली तसं त्याच केंद्रावर पहाटे पाचपासून नंबर लागायला लागले. माणसांऐवजी चपला, विटा, पाण्याच्या बाटल्या रांगेत. आणि नेमकी तेव्हाच लस आटली. जगातली सगळ्यात जास्त लस बनवणारी सीरम कंपनी पुण्याजवळ मांजरीत, आमच्यापासून काही तासांवर, आणि आमचे म्हातारे चपला मांडून बसलेले. ह्याचा राग मला आजही येतो.

1 मे ला अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली आणि खरी गंमत सुरू झाली. ह्या वयोगटाला नोंदणी फक्त ऑनलाइन. स्लॉट कधी उघडेल ते कुणी सांगत नव्हतं, उघडला की मिनिटभरात भरायचा. पिनकोड मात्र कुठलाही चालायचा. म्हणजे ज्याचं नेट जोरात, बोटं चपळ आणि दाराशी गाडी, त्याला महाराष्ट्रातलं कुठलंही केंद्र मोकळं. आमच्या केंद्राच्या आवारात पुण्याच्या एमएच 12 च्या गाड्या उभ्या राहिल्या. स्वच्छ कपड्यातली, डबल मास्कवाली, अत्यंत सभ्य पोरंपोरी. सिस्टरला थँक्यू म्हणून, सेल्फी काढून परत. त्यांच्यावर मी चिडणार नाही, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पण कंपाउंडच्या बाहेर आमच्याच गावातली, ट्रॅक्टर चालवणारी, दूध घालणारी पोरं बघत उभी होती आणि आतल्या यादीत त्यांचं एकही नाव नव्हतं. ठाणे, पालघर, नाशिककडच्या खेड्यांतूनही तेव्हा हीच ओरड होती. ॲपला तेव्हा मराठी येत नव्हतं. ते आलं जूनमध्ये. जागेवर नोंदणीची सोय 24 मे च्या आसपास झाली, आणि 31 मे च्या आदेशात सुप्रीम कोर्टाने ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचं काय, असं केंद्राला स्पष्ट विचारलं. तोवर राज्याने लस पुरेना म्हणून 18 ते 44 चं लसीकरण थांबवून साठा पंचेचाळीसवाल्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवलेला होता.

शहरात ज्यांना वाट बघायची नव्हती त्यांनी पैसे मोजले. जूनमध्ये खासगी रुग्णालयांसाठी कोविशिल्डचा कमाल दर 780 रुपये ठरला, कोव्हॅक्सिनचा 1410. सोसायट्यांनी हॉस्पिटलशी बोलून क्लब हाऊसमध्ये शिबिरं लावली. (कांदिवलीत तर एका सोसायटीला भामट्यांनी खोटी लस टोचून पैसे उकळले, हा आणखी वेगळा नमुना.) आमच्याकडे तेव्हा 780 रुपये म्हणजे बाईची तीन-चार दिवसांची मजुरी.

आता वहीबद्दल. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस असायचे. कुपी एकदा उघडली की तेव्हाच्या नियमाप्रमाणे चार तासांत संपवायची, उरलं तर फेकायचं. म्हणून सिस्टर दहा माणसं समोर बसल्याशिवाय कुपीला हात लावायच्या नाहीत. दुपारी दोनच्या सुमाराला नेहमी व्हायचं असं, की सहा जण बसलेत आणि चार कमी. ते सहा जण सकाळपासून उपाशी. मग आशाताई पिशवीतून वही काढायची. प्रत्येक वस्तीला वेगळं पान. नाव, वय, पहिला डोस कधी, कुणाला शुगर, कुणाला चालता येत नाही, कुणाच्या घरी मोटारसायकल आहे, कुणाचा फोन शेजारणीकडे. सही येत नसेल तर अंगठा. ती पान उलटत उलटत मंडळाच्या पोरांना फोन लावायची: "शिंद्यांच्या मळ्यातल्या आजीला घिऊन ये, तिचे चौऱ्याऐंशी दिवस काल भरल्यात. येताना आधार कार्ड बघ, मागल्या खेपेला इसरलीवती." पंधरा-वीस मिनिटांत आजी मोटारसायकलवर मधे बसून हजर, मागून सून धरून. दहा झाले की कुपी उघडायची. मी तिथे असताना तरी एकही डोस वाया गेलेला बघितला नाही. केरळातल्या नर्सनी कुपीतला जादा राहणारा अंशही वापरून मिळालेल्या डोसपेक्षा जास्त लोकांना लस दिली, त्याचं देशभर कौतुक झालं, ते योग्यच होतं. आमच्याकडच्या ह्या चार माणसांच्या धावपळीची नोंद मात्र कुठल्या डॅशबोर्डवर झाली नाही.

ते चौऱ्याऐंशी दिवसांचं प्रकरण पण तिनेच निस्तरलं. दोन डोसमधलं अंतर आधी चार ते सहा आठवडे होतं, मग सहा ते आठ झालं, मे मध्ये बारा ते सोळा, म्हणजे कमीत कमी चौऱ्याऐंशी दिवस. दर वेळी हेलपाटा मारून परत गेलेल्या म्हाताऱ्यांच्या शिव्या तिने खाल्ल्या, दिल्लीतल्या कुणी नाही. शिवाय एका मोबाईल नंबरवर चौघांचीच नोंदणी व्हायची. तिचा नंबर संपला, नवऱ्याचा संपला, मग मंडळाच्या पोरांचे नंबर आज्ज्यांना वाटले गेले. ऑगस्टमध्ये दोन डोसवाल्यांना मुंबईची लोकल सुरू झाली तेव्हा नवी मुंबईत माथाडी काम करणारे आमच्याकडचे लोक, जे लॉकडाऊनमध्ये गावी येऊन लस घेऊन गेले होते, धडाधड फोन करायला लागले: माझं सर्टिफिकेट कुणाच्या मोबाईलवर आहे रे? उत्तर वहीत.

बाकी गावाने काय केलं ते सगळ्यांनीच कमीजास्त केलं असेल. झेडपीच्या शाळेत विलगीकरण कक्ष, घरोघरून डबे, बाजार बंद पडलेल्यांची भाजी तिकडेच. शिवभोजन थाळी तेव्हा मोफत होती, पण ती केंद्रं तालुक्याच्या गावी, वस्तीवर कोण आणून देणार? ह्याचे फोटो तेव्हाही भरपूर निघाले, त्यावर जास्त लिहीत नाही.

मला जे म्हणायचंय ते पैशांबद्दल आहे. आशा ही सरकारच्या लेखी कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे, कामागणिक मोबदला. जून 2021 मध्ये, म्हणजे वर सांगितलेलं सगळं चालू असताना, राज्यातल्या आशा संपावर गेल्या. आठवडाभराने मिळालं काय, तर महिन्याला हजार रुपये वाढ आणि पाचशे कोविड भत्ता. 2024 च्या सुरुवातीला त्या पुन्हा आझाद मैदानात बसल्या, तेव्हा पाच हजारांच्या वाढीचा जीआर मार्चमध्ये निघाला. आणि तेव्हा आमच्याच नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "ह्यांना काम तरी काय असतं?" ज्यांनी लिहिलं त्यांच्या आईचं नाव त्या वहीत आहे, दोन्ही तारखांसकट.

कोरोना योद्धा म्हणून ग्रामपंचायतीने तिला शाल, नारळ आणि प्लास्टिकच्या फ्रेममधलं प्रमाणपत्र दिलं. मी त्या कार्यक्रमाला होतो, टाळ्याही वाजवल्या. पण माणसाला दरमहा ठरलेला पगार, रजा आणि विमा द्यायचा नसतो तेव्हा त्याला योद्धा म्हणायची आपल्याकडे रीत आहे, असं माझं मत झालंय. सफाई कामगारांचं तेच, अंगणवाडी सेविकांचं तेच.

कुणी म्हणेल, ॲप नसतं तर शंभर कोटींचा हिशोब ठेवला कुणी असता? ठेवायलाच हवा होता, ॲपनेच. पण हिशोब ठेवणं वेगळं आणि माणूस आणणं वेगळं. जुलै 2022 पासून 75 दिवस बूस्टर सगळ्यांना फुकट होता. ॲप तेच, लस भरपूर, रांग नाही. लोकांची भीती ओसरली होती हे खरंच, पण आमच्या भागात घरोघर फिरून याद्या करायचं कामही तोवर थांबलेलं होतं. किती जणांनी घेतला बूस्टर? तुमच्या घरात मोजून बघा.

एक विनंती आहे. आमच्या किंवा शेजारच्या गावात तेव्हाच्या अशा वह्या, याद्या कुणाकडे असतील तर रद्दीत घालू नका. आमच्या आशाताईच्या वहीची चार पानं उंदरांनी कुरतडलीत. उरलेली मी तिला विचारून, नावं झाकून, स्कॅन करून ठेवणार आहे. स्कॅनिंगला मदत करणारं कुणी दहिवडी-म्हसवड भागात असेल तर इनबॉक्समध्ये कळवा.