कळतं, पण वळत नाही

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर महिनाभर एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं मुलाला जड जातं, ती स्थिती) हे परदेशी थेर आहे, आमच्या वेळी छडी होती आणि सगळे सरळ यायचे, आता साखर न् मोबाइलने पोरं बिघडली, अशांना वेगळ्या शाळेत घाला, बाकीच्यांचं नुकसान कशाला? मी चौथीचा वर्ग सांभाळते. गप्प बसवेना.

आधी 'नवीन थेर'. बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवरता न येणाऱ्या मुलांबद्दल जॉर्ज स्टिल या डॉक्टरांनी लंडनमध्ये व्याख्यानं दिली, ती १९०२ साली. मोबाइल सोडाच, तेव्हा घरात रेडिओसुद्धा नव्हता. आपल्याकडेही ही मुलं होतीच, फक्त त्यांना धांदरट, वेंधळा, द्वाड म्हणत. 'सगळे सरळ यायचे' म्हणणाऱ्यांनी जुना वर्गफोटो काढावा आणि त्यातले कोण कोण सातवीनंतर शाळेत दिसलेच नाहीत, ते आठवून बघावं.

छडीला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने बंदी आहे. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवू. 'कळतं पण वळत नाही' हा आपण टोमणा म्हणून मारतो, आणि या मुलांची अडचण नेमकी तीच असते. नियम पाठ असतो, ऐन वेळी हात थांबत नाही. छडी फार तर कळवेल, आणि ते तर आधीच कळलेलं असतं.

माझ्या वर्गातला एक मुलगा तोंडी गुणाकार झटकन सांगतो. पानभर दहा गणितं समोर आली, की पहिल्याचाच हातचा विसरून खिडकीबाहेर. मी त्याला कागद दुमडून द्यायला लागले, दोनच गणितं दिसतील असा. दोन झाली की उठून माझ्या टेबलाशी यायचं, दाखवायचं, पुढची घडी उघडायची. उठायला कारण मिळालं, तसं विनाकारण उठणं कमी झालं. बाकाच्या पुढच्या दोन पायांना पंक्चरवाल्याकडची जुनी सायकलची ट्यूब ताणून बांधली. पाय दिवसभर तिला रेटत असतात, पुढच्या बाकाला लाथा बसत नाहीत. ट्यूबचे पंक्चरवाल्याने पैसेही घेतले नाहीत.

साखरेची तर गंमतच आहे. १९९४मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात साखर कुणालाच दिली नव्हती, सगळ्या मुलांना अ‍ॅस्पार्टेम, म्हणजे साखरेऐवजी वापरतात तो कृत्रिम गोडवा, दिला होता. अर्ध्या आयांना मात्र 'तुमच्या मुलाला भरपूर साखर दिलीय' असं सांगितलं. त्यांनाच आपला मुलगा जास्त चळवळ्या वाटला! मोबाइलने झोप बिघडते, तो जरूर कमी करा. पण डॉक्टर निदान करताना लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासूनची आहेत का, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसतात का, हे बघतात. अनुवंशाचा वाटाही मोठा असतो. पालकसभेला आलेले बाबा हळूच म्हणतात, "बाई, मीही अस्साच होतो."

राहिलं 'बाकीच्यांचं नुकसान'. यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. वर्गात अठ्ठेचाळीस मुलं आणि मी एकटी, काही दिवस खरंच हातातून जातात. पण त्याचा राग नऊ वर्षांच्या पोरावर का? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेशक शिक्षण आहे. त्यातल्या एकवीस प्रकारांत एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही हे खरं, पण अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन, गणित शिकतानाची खास अडचण, आहे, आणि ही दोन्ही पुष्कळदा जोडीनेच येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या निकालानंतर केंद्र सरकारने २०२२मध्ये प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण घालून दिलं. आमच्याकडे विशेष शिक्षिका महिन्यातून एकदा येतात, तेही जमलं तर. मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांनी एखादा अर्ज त्याबद्दल करावा.

परवाच्या चाचणीत त्या मुलाने कागद आपणहून दुमडला. शेजारच्या मुलीनेही दुमडला. तिला एडीएचडी नाही, तिला नुसती गणिताची भीती वाटते.