‘जेनेरिक गोळीत औषध २० टक्के कमी असतं’ हे साफ खोटं आहे

माझ्या आत्याने रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली. कारण काय, तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला एक मेसेज. सरकारी योजनेतल्या जनऔषधी केंद्रातली ती स्वस्त जेनेरिक गोळी तिला चांगली लागू पडली होती. तरी मेसेज वाचला आणि गोळ्या कचऱ्यात टाकल्या. डॉक्टरांना विचारलं नाही, घरात सांगितलं नाही. तोच मेसेज आता जिकडेतिकडे फिरतो आहे, म्हणून हे लिहिते आहे.

जेनेरिक म्हणजे मूळ औषधाचं पेटंट संपल्यावर इतर कंपन्या बनवतात ते तेच औषध. मेसेजचं म्हणणं असं: जेनेरिक गोळीत औषध २० टक्के कमी असतं आणि कायद्यानेच तशी मुभा दिली आहे, कफ सिरपने मुलं दगावली ती जेनेरिकमुळे, प्रगत देश आपली जेनेरिक घेत नाहीत, डॉक्टरांनी विरोध केल्यावर सरकारनेही जेनेरिक लिहून देण्याची सक्ती मागे घेतली, कच्चा माल चीनचा असतो. आणि शेवटी, ‘आजच बंद करा, ब्रँडेड घ्या’.

आधी २० टक्क्यांचं बघू, कारण लोक घाबरले ते या आकड्याला. नवं जेनेरिक तपासताना निरोगी स्वयंसेवकांना एकदा मूळ गोळी देतात, काही दिवसांनी जेनेरिक. ठरावीक वेळाने रक्त घेऊन त्यात औषध किती उतरलं ते मोजतात आणि दोन्हींचं गुणोत्तर काढतात. एकाच माणसाला तीच गोळी दोनदा दिली तरी आकडे तंतोतंत सारखे येत नाहीत. म्हणून नुसती सरासरी धरत नाहीत. ती सरासरी ज्या पट्ट्यात खालीवर होऊ शकते, तो अख्खा पट्टा ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसावा लागतो. ज्या गोळीची सरासरीच ८० येते, तिच्या पट्ट्याचं खालचं टोक ८० च्या खाली जातं आणि गोळी नापास होते. मेसेज लिहिणाऱ्याने हा नियम नेमका उलटा वाचला आहे.

गोळीत औषध किती भरायचं, हा तर वेगळाच नियम. इंडियन फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या दर्जाचे निकष देणाऱ्या अधिकृत ग्रंथात, बहुतेक गोळ्यांसाठी ती मर्यादा छापील मात्रेच्या ९० ते ११० टक्के असते, काहींसाठी त्याहून कडक. ब्रँडेडला आणि जेनेरिकला तीच.

प्रत्यक्षात फरक किती पडतो? अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने १२ वर्षांतल्या अशा २,०७० चाचण्यांचा आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध केला. मूळ औषध आणि जेनेरिक यांच्या शोषणातला सरासरी फरक सुमारे साडेतीन टक्के निघाला. ज्यांना वाद घालायचा आहे त्यांनी आधी हा आढावा वाचावा.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते. रक्तात औषध मोजण्याची ही चाचणी आपल्याकडे सरसकट सक्तीची नव्हती. औषधाच्या पहिल्या मंजुरीला चार वर्षं झाली की नवी कंपनी राज्याचा परवाना काढून, चाचणी न करताच ते विकू शकत असे. २०१७ मध्ये नियम बदलला, तोही पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांपुरता. ही ढिलाई खरी आहे. पण तिचा फायदा फक्त स्वस्त गोळ्यांना मिळाला का? आपल्या दुकानांत मोठ्या नावांनी मिळणारी बहुतेक औषधंही पेटंट संपलेली, म्हणजे जेनेरिकच आहेत. पाकीट उलटून बघा, विकणारी कंपनी एक आणि बनवणारी दुसरीच, असं कितीतरी वेळा दिसेल.

कफ सिरपचा मुद्दा वाचून मात्र माझा संताप झाला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात, मुख्यतः छिंदवाड्यात, २० हून अधिक मुलं गेली. त्या सिरपचं नाव कोल्ड्रिफ. हे कंपनीने ठेवलेलं ब्रँडनाव आहे, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध होतं. तामिळनाडूच्या तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं, मर्यादा ०.१ टक्के. ‘ब्रँड बघून घ्या’ या सल्ल्याने यातलं एकही मूल वाचलं नसतं. हेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून गेलं आणि १४ रुग्ण दगावले. चौकशीसाठी लेंटिन आयोग बसला, अहवाल आला. सुमारे ४० वर्षांनंतरही कारखान्यात आलेला कच्चा माल न तपासता वापरला जातो आणि औषध निरीक्षकांना त्याचा पत्ता लागत नाही. याचा जाब सरकारला विचारायचा, की जनऔषधीच्या रांगेत उभ्या असलेल्या पेन्शनराला घाबरवायचं? जनऔषधीच्या प्रत्येक बॅचची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी व्हावी असा नियम आहे. तरीही काही बॅचेस निकृष्ट निघाल्या आहेत, हे लपवायचं कारण नाही. पण केंद्रीय औषध नियंत्रक दर महिन्याला निकृष्ट औषधांची यादी काढतात, तीत नामांकित ब्रँडही असतात.

प्रगत देशांचं म्हणाल, तर अमेरिकेत दर १० प्रिस्क्रिप्शनपैकी ९ जेनेरिकची असतात आणि आपल्या औषधांचा सर्वांत मोठा ग्राहक अमेरिकाच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हाही औषधं वगळली.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांवर जेनेरिक नाव लिहिण्याची सक्ती केली आणि त्याच महिन्यात स्थगित केली, हे खरं. इंडियन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेचा आक्षेप होता की आधी दर्जाची हमी द्या, नाहीतर कोणती गोळी द्यायची ते केमिस्टच ठरवेल. आक्षेप रास्त आहे. त्यातून ‘जेनेरिक विषारी’ असा अर्थ कुणीही काढलेला नाही.

चीनचा कच्चा माल? येतो, आणि ब्रँडेड गोळ्यांतही तोच जातो.

राहिलं ‘आजच बंद करा’. रक्तदाबाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल, अचानक थांबवल्या तर छातीत दुखू शकतं, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. फिट्स, थायरॉइड आणि रक्त पातळ करणारी औषधं यांत तर एका कंपनीची गोळी सोडून दुसरीची घ्यायची असेल, तरी डॉक्टरांना आधी सांगावं लागतं, मग ती गोळी स्वस्त असो की महाग. ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला आहे, त्यांनी तो काढून टाकावा आणि ज्यांना पाठवला त्यांना फोन करून विचारावं, गोळी चालू आहे ना.