गाडी वर, जीव खालीवर

गाडी उंच करायच्या लिफ्ट किटच्या खोक्यात चार स्प्रिंगा, चार शॉक ॲब्सॉर्बर, मूठभर नटबोल्ट आणि घडी घातलेला एक कागद असतो. कागदाची शेवटची ओळ अशी: 'फिटिंगनंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावी.' ज्याने ही ओळ लिहिली, त्याला माझ्या शेजारच्या सीटवर बसवून एकदा हायवेला न्यावं, एवढीच माझी इच्छा आहे. करून घ्यावी म्हणे!

गाडी उंच का केली, हे विचारू नका. खडकावर पोट घासतं, मोठे टायर बसत नाहीत, ही चारचौघांत सांगायची कारणं. खरं कारण असं की उंच गाडी झकास दिसते. याबद्दल मला काडीचाही पश्चात्ताप नाही. पाच सेंटीमीटर उंची वाढली आणि पार्किंगमध्ये आजूबाजूच्या गाड्या एकदम पोरकट दिसू लागल्या. हा आनंद गाडी जागेवर उभी असेपर्यंत पुरतो.

पहिला साक्षात्कार समोर उभं राहून झाला. डावं चाक मडगार्डाबाहेर डोकावत होतं आणि उजवं आत लपलं होतं. आमच्या गाडीचा पुढचा एक्सल अखंड, या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच. जिम्नी, रँग्लर असल्या गाड्यांना असतो तसा. तो डावीउजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा असतो, पॅनहार्ड रॉड. त्याचं एक टोक चासीला (म्हणजे गाडीच्या सांगाड्याला) आणि दुसरं पलीकडच्या बाजूला एक्सलला. दांड्याची लांबी ठरलेली, त्यामुळे चासी वर गेली की दांडा जास्त तिरका होतो आणि एक्सलला आपल्याकडे ओढून घेतो. ८० सेंटीमीटरचा दांडा आणि टोकांमध्ये आधी १० सेंटीमीटरचा उतार धरला, तर पाच सेंटीमीटर लिफ्टनंतर एक्सल साधारण ८ मिलिमीटर सरकतो. शाळेत पायथागोरसचा आयुष्यात काय उपयोग, असं विचारणाऱ्यांनी माझ्या गाडीखाली येऊन झोपावं.

उपाय सोपा. लांबी कमीजास्त करता येईल असा पॅनहार्ड रॉड आणायचा आणि एक्सल मध्यावर आणायचा. आणला. गाडी समोरून अगदी सोज्वळ दिसू लागली. मग चालवायला घेतली, तर रस्ता सरळ, गाडी सरळ आणि स्टिअरिंग मात्र मान वाकडी करून बसलेलं. हॉर्नवरचं चिन्हसुद्धा तिरकं. याचंही कारण आहे (या गाडीत कारणांचा तुटवडा कधीच नव्हता): स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारी ड्रॅग लिंकही तिरकीच झालेली असते. आधी एक्सल आणि ड्रॅग लिंक दोघं मिळून एकाच बाजूला सरकले होते, त्यामुळे एकाची चूक दुसऱ्यात झाकली जात होती. आपण एकाला शहाणं केलं आणि दुसऱ्याचं बिंग फुटलं.

तोवर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकू लागला. स्टिअरिंग कोणत्या कोनात आहे हे गाडीचा कॉम्प्युटर एका सेन्सरकडून विचारत असतो. स्टिअरिंग वळलेलं दिसतंय आणि गाडी तर सरळ चाललीय, म्हणजे ही घसरतेय, असं त्या बिचाऱ्याचं मत झालं आणि मला वाचवायला त्याने एका चाकाचा ब्रेक मधेच हळूच दाबायला सुरुवात केली. माझ्याशी न बोलता माझी काळजी घेणारं घरात आधीच कुणी तरी आहे. आणखी एकाची गरज नव्हती. ड्रॅग लिंकची लांबी बदलणारी स्लीव्ह पान्याने फिरवून स्टिअरिंग मध्यावर आणलं, सेन्सरचं शून्य नव्याने नोंदवून घेतलं आणि मग कागदावरच्या आज्ञेप्रमाणे अलाइनमेंटला गेलो.

अलाइनमेंटवाल्याने चाकांना चार आरशांसारखी यंत्रं लावली, गाडी पुढेमागे ढकलली आणि रंगीत कागद छापून हातात दिला. हिरवा, हिरवा, लाल, लाल, हिरवा.

"झाली साहेब अलाइनमेंट."

"मग हे लाल काय आहे?"

"तो कॅस्टर. या गाडीला त्याची ॲडजस्टमेंटच नसते."

"मग झाली काय?"

"होण्यासारखं होतं ते झालं ना, साहेब."

या उत्तरावर जगातली निम्मी कामं चालतात, त्यामुळे मी पैसे दिले. त्याने केला होता तो फक्त टो, म्हणजे दोन्ही चाकांची नाकं एकमेकांकडे किती वळलीत तो हिशेब. खरी गोम त्या लाल रकान्यात होती. चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष सरळ उभा नसतो, वरून थोडा मागे कललेला असतो. सायकलचा पुढचा फोर्कही तसाच कललेला असतो. हे कलणं म्हणजेच कॅस्टर. त्यामुळे वळण संपलं की स्टिअरिंग आपलं आपण मध्यावर परत येतं. आमच्या गाडीत एक्सलला धरणारे दोन लांब आर्म मागे चासीकडे जातात. चासी वर गेली की आर्मची मागची टोकं वर जातात आणि एक्सल पुढच्या बाजूला लवतो. ८० सेंटीमीटरच्या आर्मला पाच सेंटीमीटर लिफ्ट म्हणजे जवळजवळ साडेतीन अंश खलास. कंपनीने मुळात दिलेले असतात इनमिन चारपाच. उरलं काय?

उरलं ते असं की वळण घेऊन हात सैल सोडला तरी स्टिअरिंग जागचं हलेना. वळवलंत ना, आता तुम्हीच सरळ करा. सरळ रस्त्यावर तर गाडी कुठल्याच लेनला आपलं म्हणेना. डावीकडे जराशी झुकायची, मी सावरलं की उजवीकडे. मागून येणारा माणूस माझ्याविषयी काय समजत असेल ते त्याच्या हॉर्नवरून कळत होतं. "तू झोपलायस का?" बायकोने विचारलं. एवढा जागा मी कॉलेजच्या परीक्षेतही नव्हतो.

कॅस्टर परत आणायला ऑफसेट बुश मिळतात. बुश म्हणजे आर्म जिथे जोडतात तिथली, मधून बोल्ट जाणारी रबरी पुंगळी. ऑफसेट बुशात भोक मध्यावर नसून एका कडेला. जुने बुश हायड्रॉलिक प्रेसवर दाबून काढायचे आणि नवे बसवायचे. बुशावर एक पांढरी खूण असते. ती एका दिशेला ठेवली तर कॅस्टर वाढतो आणि उलट ठेवली तर होता नव्हता तोही जातो. सोबतच्या कागदावरचं चित्र असं होतं की खूण वर आहे की खाली, हे कागद कसा धरला त्यावर अवलंबून. मेस्त्रीने कागद उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला, मग तो मडगार्डावर ठेवून नुसता एक्सलकडे बघत बसला आणि म्हणाला, "असंच." बरोबर निघालं. अशी माणसं आहेत म्हणून गाड्या चालतात. पुढे आर्मचे बोल्ट मात्र त्याच्या पोऱ्याने गाडी रॅम्पवर, चाकं लोंबकळत असतानाच कचकचून आवळले. रबरी बुशाचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असताना आवळायचे असतात, नाहीतर गाडी खाली उतरते आणि रबर जन्मभर पिळलेलं राहतं. सगळे सैल करून परत आवळून घेतले. पोऱ्याच्या चेहऱ्यावर 'हौशी माणसं' असा भाव होता.

आणि कॅस्टर सुधारला म्हणजे एक्सल मागे फिरला, एक्सल फिरला म्हणजे पिनियनचं (शाफ्ट एक्सलला जिथे जोडतो त्या दातेरी चाकाचं) नाक खाली गेलं, नाक खाली गेलं म्हणजे फोर व्हील लावल्यावर पुढच्या एक्सलला ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टमधून घूंऽऽ. त्यावर मी इथे बोलणार नाही. फोर व्हीलमध्ये फार जोरात जायचं नाही, असा आमचा आपसांत समझोता झालाय.

आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळलं पाहिजे, हा स्टिअरिंगच्या भूमितीतला मूळ विचार घोडागाडीच्या काळातला. म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पेर्गर नावाच्या गाड्या बनवणाऱ्याने तो १८१७ साली काढला. १८१८ मध्ये इंग्लंडात पेटंट घेतलं ते त्याच्या एजंटने, रुडॉल्फ ॲकरमनने. आजही नाव ॲकरमनचंच आहे. स्टिअरिंगच्या दुनियेत श्रेय आणि दोष योग्य माणसापर्यंत पोचत नाहीत ते तेव्हापासून.

याचा प्रत्यय मला ७०च्या वेगाला आला. रस्त्यात एक जोड आला, एवढासा. पुढचं चाक त्यावर आपटलं आणि दुसऱ्या क्षणी अख्खं स्टिअरिंग डावीउजवीकडे थडाथडा हलू लागलं. डॅशबोर्ड, आरसे, माझे गाल, सगळं. याला जाणकार मंडळी 'डेथ वॉबल' म्हणतात, आणि आत बसलेल्याला हे नाव अजिबात भडक वाटत नाही. वेग कमी करत नेला तेव्हा कुठे ते थांबलं. बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा परिस्थिती खरोखर गंभीर असते. (टायर मोठे घातल्यावर स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो. व्यास १० टक्क्यांनी वाढला की ७० दिसतं तेव्हा गाडी ७७ला असते. हे मी तिला सांगितलेलं नाही.)

त्यानंतर जो भेटेल त्याने एकच सल्ला दिला: स्टिअरिंग डँपर बदल. दोघांनी तर दोन डँपर लावायला सांगितले. डँपर म्हणजे स्टिअरिंगला आडवा लावलेला लहानसा शॉक. तो थरथर दाबतो, निर्माण करत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचा हा प्रकार. चोर बहुधा असतो कुठेतरी ढिल्या झालेल्या सांध्यात, आणि लिफ्टने सगळ्या दांड्यांचे कोन बिघडले की त्या सांध्यांवरचा भार वाढतो.

शोधायची पद्धत अशी: गाडी जमिनीवरच, चाकांवर वजन, इंजिन चालू, हँडब्रेक घट्ट. एकाने स्टिअरिंग डावीउजवीकडे जरा जरा हलवत राहायचं, दुसऱ्याने खाली आडवं होऊन टॉर्च मारायची. बायको वर, मी खाली. दोन्ही चाकं एकमेकांना जोडणाऱ्या टाय रॉडची टोकं ठीक होती. बॉल जॉइंट ठीक. मग पॅनहार्ड रॉडच्या चासीकडच्या टोकावर बोट ठेवलं. "डावीकडे," मी ओरडलो. टक्. "उजवीकडे." टक्. दांडा हलायच्या आधी बोल्ट हलत होता, केसभर. ब्रॅकेटचं गोल भोक घासून अंडाकृती झालं होतं आणि कडेला ताजं, चकचकीत लोखंड दिसत होतं. वरून आवाज आला, "सापडलं का? हात दुखायला लागला." मी म्हटलं, "अजून थोडं हलव." सापडलं होतं, पण ते टक् ऐकून इतकं बरं वाटत होतं की उठवेना.

भोकावर जाड वॉशर वेल्ड करून घेतला, नेमक्या मापाचा बोल्ट घातला आणि टॉर्क रेंचने आवळला. जुना डँपर तसाच आहे. वॉबल नाही. खड्ड्यातून जाताना स्टिअरिंग अजून किंचित नाचतं, कारण ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड एकमेकांना समांतर नाहीत. समांतर करायचे तर एकाचं ब्रॅकेट हलवावं लागतं, आणि ते हलवलं की आणखी काय काय हलतं याची यादी मेस्त्रीकडे तयार आहे. मी ती मागितलेली नाही.

ज्यांच्या गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे त्यांचं दुःख वेगळं: कॅम्बर (चाकाचा आतबाहेरचा कल) बिघडतो, अप्पर आर्म बदलावे लागतात, ड्राइव्ह शाफ्टचे बूट फाटतात. त्यांनी त्यांचा लेख लिहावा.

आता रात्री समोरून येणारा जवळजवळ प्रत्येक जण डिपर मारतो. बायकोचं म्हणणं, नाक वर झाल्यामुळे हेडलाइट लोकांच्या डोळ्यांत जातायत. माझं म्हणणं, उंच गाडीला सलाम करतायत. स्क्रूड्रायव्हर मात्र मी गाडीत ठेवलाय.