मार खाल्लेला मुलगा मारणाराच निघतो?

"ज्याने लहानपणी बापाचा मार खाल्ला, तो बायकोवर हात उगारणारच. संशोधनाने सिद्ध झालंय. मुलगी देण्याआधी चौकशी करा." आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हा मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा फिरला. माझ्या मावसभावासाठी स्थळं बघणं चालू आहे आणि त्याच्या पाठीवर बापाच्या पट्ट्याचे वण आहेत. म्हणून गप्प बसवत नाही.

आधी 'सिद्ध झालंय'बद्दल. संबंध आहे, पण केवढा? संशोधक सँड्रा स्टिथ आणि सहकाऱ्यांनी २००० साली अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र तपासले. हिंसक घरात वाढणं आणि पुढे जोडीदाराला मारणं यांचा सहसंबंध ०.१८च्या आसपास निघाला. शून्य म्हणजे काहीच नातं नाही; दोन्ही नेहमी जोडीनेच येत असती तर तो १ आला असता. १९८९मध्ये संशोधक कॅथी विडम यांनी अमेरिकेतल्या कोर्टात छळाची किंवा आबाळीची नोंद झालेल्या ९०८ मुलांचा माग काढला. पुढे हिंसक गुन्ह्यात अटक झाली सुमारे ११ टक्क्यांना, तशी नोंद नसलेल्यांत ८ टक्क्यांना. ही अटक कुठल्याही हिंसेसाठीची, फक्त बायकोवरच्या नव्हे. धोका वाढतो, हे खरं. 'मारणारच' कुठून आलं? मारणाऱ्यांना बालपण विचारलं की बरेच जण मार खाल्ल्याचं सांगतात. मार खाऊनही कधी हात न उगारणाऱ्याला कोण विचारायला जातं?

"तो तरी काय करणार, बापाकडूनच शिकला." हे वाक्य मला सगळ्यात जास्त छळतं. असा माणूस साहेबावर हात टाकत नाही. घरी दार लावतो, टीव्हीचा आवाज वाढवतो, ब्लाउजच्या बाहीखाली वळ झाकला जाईल असं मारतो. इतकं भान असलेल्याला बालपणाची सबब कशी द्यायची? आणि शिकवणारा एकटा बापच नसतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ४५ टक्के बायका आणि ४४ टक्के पुरुष म्हणाले, काही कारणांसाठी नवऱ्याने मारलं तर चालतं. न सांगता बाहेर जाणं, स्वयंपाक नीट न करणं, ही त्यातली कारणं.

"आईला मार खाताना पाहिलेली मुलगीही सहनच करते," असंही त्या मेसेजमध्ये पुढे लिहिलंय. मारतो तो, आणि झडती तिच्या माहेरची! २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तिला बालपण विचारत नाही.

परवा भाच्याने मावसभावाच्या लॅपटॉपवर दूध सांडलं. मावसभावाचा हात अर्धा वर गेला, तिथेच थांबला. मग तो उठला, ओट्यावरचं फडकं आणलं आणि पोराला म्हणाला, "तू तो कोपरा पूस, मी हा पुसतो."

त्याला दोन ठिकाणांहून नकार आलाय. दोन्हीकडे कारण एकच: "वडील तसले होते म्हणे."