टाळ्या कशाला वाजवल्या?

आज वर्गात सेमिनार होता: आधुनिक कला आणि अपंगत्व. एका गटाने मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलो घेतली. मागे बासरी, पडद्यावर सूर्योदय, खाली ‘जिद्द असेल तर अशक्य काहीच नाही’. लहानपणीचा पोलिओ, १९२५ चा बस-अपघात, सगळं तोंडपाठ. टाळ्या वाजल्या, बाहेरून आलेल्या परीक्षकांचे डोळेसुद्धा पाणावले. तिचं १९४४ चं ‘भग्न स्तंभ’ हे चित्र मात्र आलं आणि गेलं. कण्याच्या जागी तडकलेला ग्रीक खांब, अंगभर ठोकलेले खिळे, पट्ट्यांनी आवळलेलं धड, आणि ती सरळ आपल्याकडे बघतेय. यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. चित्रकलेचा वर्ग ना हा?

आमच्या काकांची कुडाळकडे गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना होता. डावा हात पोलिओने लुळा. डोळ्यांची आखणी करताना ते उजव्या हाताने तो हात उचलून पाटावर ठेवायचे, त्यावर उजवं मनगट टेकवायचे आणि पापणीची रेघ एका दमात ओढायचे. पाटाशी असे खाली बसून आखायचे म्हणून त्यांच्या गणपतीची नजर किंचित खाली, समोर बसलेल्या पोरांवर असायची. गिऱ्हाईक यायचं ते ‘एका हातान करतंत हां!’ म्हणत. काका वैतागायचे, “माझो हात कित्याक बघतास? डोळे बघ!”

तेच म्हणतेय मी. हात बघून झाला, आता डोळे बघा ना!

शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी, त्यांचंही आपण तेच करतो. एक डोळा जन्मापासून निकामी, दुसरा अधू, १९५६-५७ च्या सुमारास तोही गेला. पुढे त्यांनी कागद कापून कोलाज केले, १९७२ मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनात टाइल्सचं म्युरल, म्हणजे भित्तिचित्र केलं. आपण ‘अंध असून!’ म्हणतो आणि पुढच्या स्लाइडवर जातो. हाताला लागणाऱ्या कडेवरून रचना कशी उभी राहते, हे विचारायचं कुणी? काकांच्या त्या खालच्या नजरेसारखंच आहे हे. शरीर कामात उतरलेलं असतं, बाजूला काढता येत नाही.

हो, अशा गोष्टींनी कुणाला उभारी येत असेल. येवो बापडी.

आणि पोरांवर तरी किती चिडू? शाळेत वक्तृत्वाच्या कपासाठी हीच भाषणं आपण घोकून घेतली त्यांच्याकडून. गोड पोरं आहेत. सेमिनार संपल्यावर एकीने हळूच विचारलं, “मॅम, ते खिळे सगळे सारख्या मापाचे का नाहीत?” हा प्रश्न टाळ्यांच्या आधी यायला हवा होता, एवढंच.

पुढच्या आठवड्यात जर्मन चित्रकार ओटो डिक्स घेणार आहे. १९२० मध्ये त्याने पहिल्या महायुद्धातून लाकडी पाय घेऊन परतलेले सैनिक रस्त्याने चालताना रंगवले. नाझींनी ते चित्र १९३७ च्या म्युनिकच्या ‘विकृत कला’ प्रदर्शनात हिणवायला टांगलं. पण त्यांनी ते आपल्यापेक्षा नीट बघितलं होतं, म्हणून तर झोंबलं.

आता खरी चीड. आमचं कलादालन दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कुबड्या घेणारा आमचा विद्यार्थी वार्षिक प्रदर्शनात स्वतःचं चित्र मोबाइलवर बघतो. त्याच इमारतीत आज टाळ्या वाजल्या! यंदाचं प्रदर्शन खाली पार्किंगमध्ये लावायचं पत्र आत्ताच देऊन आलेय. ‘गाड्या कुठे लावायच्या?’ असं ऑफिसातून विचारून झालंय. लावा मैदानात.